आठ मापट्यांची पायली

१

अहमदनगरच्या मुलींच्या एका वसतिगृहात दोनशे बावन्न गुणांची चोरी झाली. एकोणीसशे नव्व्याण्णवचा जून होता. पैसाअडका गेला तर माणूस पोलिसचौकीवर जातो. दहावीचे गुण गेले तर जायचं कुठं? लंकाबाई थेट वसतिगृहावरच आली.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये ती भाकरी-कालवण करायची. त्या दिवशी कँटीनला दांडी मारून, सकाळची पहिली एसटी धरून ती नगरला पोचली आणि लेकीची गुणपत्रिका कचेरीच्या टेबलावर ठेवून उभी राहिली. बसा म्हटलं तर बसेना.

टेबलामागे रंभाजी साळवे होते, वसतिगृहाच्या विश्वस्तांपैकी एक. जन्मभर वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस. ते बाजारपेठेत शिरले की निम्म्या दुकानदारांना तराजू पुसायची आठवण व्हायची. स्वतः नगरच्याच मुलांच्या वसतिगृहात राहून शिकलेले, म्हणून निवृत्तीनंतरचा वेळ इथंच घालवायचे. स्वभाव तिरसट, पण तो तिरसटपणा त्यांनी दुकानदारांसाठी राखून ठेवला होता. लंकाबाईपुढे त्यांनी आधी पाण्याचा तांब्या सरकवला आणि मग कागद उचलला.

मामला असा होता. हे वसतिगृह दरवर्षी प्रत्येक तालुक्यातून एकच मुलगी घ्यायचं, जिचे दहावीचे गुण सगळ्यांत जास्त तिला. राहणं, जेवण, अकरावी-बारावी सायन्सचं शिक्षण, सगळं फुकट. यंदा पहिल्यांदाच अर्ज संगणकावरून आले होते. मुलीनं तालुक्याच्या संगणक केंद्रात गुणपत्रिका घेऊन जायचं, केंद्रवाल्यानं इंटरनेटवरच्या वसतिगृहाच्या पानावर तिचं नाव आणि सहा विषयांचे गुण भरायचे. बेरीज ते पान आपली आपण करायचं आणि नुसती बेरीज नगरच्या कचेरीत येऊन पडायची. या नव्या सोयीचं विश्वस्तांना एवढं कौतुक होतं की आलेल्या-गेलेल्याला ते पान दाखवायचे.

लंकाबाईच्या शुभांगीच्या गुणपत्रिकेवर मराठी ०८२, हिंदी ०८१, इंग्रजी ०८९, गणित १४६, विज्ञान १३८, समाजशास्त्र १२९ असे गुण होते. साडेसातशेपैकी सहाशे पासष्ट. वसतिगृहाच्या यादीत मात्र तिच्या नावापुढे चारशे तेरा छापलं होतं. श्रीगोंद्याची जागा गेली होती आलिया नावाच्या मुलीला, चारशे शहात्तर गुणांवर.

“त्या आलियाची आत्याच केंद्रात बसती, सायेब,” लंकाबाई म्हणाली. “तिनंच भरलं समद्या पोरींचं. माझ्या लेकीचं मार्क खाल्लं आन भाचीला जागा दिली. भर बाजारात सांगितलंय मी, हितंबी सांगती.”

रंभाजींनी केंद्र चालवणारीचं नाव विचारलं. शरिफा लालमहंमद पिंजारी, असं उत्तर आलं. रंभाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

लालमहंमदला ते कसे विसरतील? रंभाजी पोरसवदा होते तेव्हा त्यांना नगरच्या वसतिगृहात जागा मिळाली, पण अंथरूण स्वतःचं आणायची अट होती. घरात घोंगडीचा एक फाटका तुकडा होता, तोही चौघांत. त्यांच्या वस्तीत तेव्हा पाणी प्यायला कुणी यायचं नाही. त्यांच्याच वयाचा लालमहंमद आला, कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून. कापूस पिंजून त्यानं गादी भरली, चारी बाजूंनी टाके घातले आणि रंभाजींबरोबर एसटी थांब्यापर्यंत डोक्यावरून वाहून नेली. त्या गादीवर झोपून रंभाजी शिकले, साहेब झाले. त्यांच्या घरी आजही कुणी पिंजाऱ्याचं नाव घेतलं की ते जेवता जेवता थांबतात.

ही ओळख त्यांनी अध्यक्षांपासून लपवली नाही. चौकशी दुसऱ्या कुणाला द्या, असं स्वतःहून सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, ओळखीच्या दुकानदाराला तुम्ही कधी सोडलंत का? तेव्हा तुम्हीच जा. सोमवारी विश्वस्तांची बैठक होती. शरिफानं लबाडी केली असं तिथं ठरलं, तर केंद्राचं काम काढून घ्यायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची. तालुक्याच्या गावात एका बिनलग्नाच्या मुलीनं उभं केलेलं केंद्र ते. एकदा लबाड हा शिक्का बसला की कुठला बाप आपली मुलगी तिथं शिकायला पाठवणार होता?

रंभाजींनी दोन्ही आकडे समोर घेतले आणि जुन्या सवयीनं पेन्सिलीनं बेरीज-वजाबाकी मांडली. गणित, विज्ञान, समाजशास्त्र. शुभांगीच्या या तीनच विषयांची बेरीज नेमकी चारशे तेरा भरत होती.

म्हणजे गुण इथूनतिथून खरवडलेले नव्हते. तिन्ही भाषा अख्ख्याच्या अख्ख्या गायब होत्या.

२

पहिला संशय घरच्याच माणसावर घ्यायचा, ही रंभाजींची रीत. यादी छापणारा कारकून बन्सी समोरच बसला होता. त्याला विचारलं तसा तो घाबराघुबरा झाला. आलेला आकडा छापण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. आकडा बदलायचा म्हटलं तरी कुठली कळ दाबायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि हे तो ज्या पद्धतीनं सांगत होता त्यावरून खोटं वाटत नव्हतं. वर त्यानं एक कामाची गोष्ट केली. पारनेर, अकोले, संगमनेरच्या ज्या मुली गुणपत्रिका दाखवून गेल्या होत्या, त्यांच्या बेरजा त्यानं ताळून पाहिल्या होत्या. सगळ्या तंतोतंत जुळत होत्या. घोळ होता तो एकट्या श्रीगोंद्याचा.

दुसरा माणूस सम्राट. वसतिगृहाचं ते पान यानं बनवलेलं. पुण्याला कंपनीत होता, आणि त्याची आई याच वसतिगृहात राहून नर्स झालेली, म्हणून त्यानं एक पैसा न घेता सुट्टीच्या दिवसांत हे काम केलं होतं. रंभाजींनी त्याला फोन लावला. पोरगा आधी हसला, मग जरा दुखावला. त्याचं म्हणणं, काका, मी पानावर राखणदार बसवलाय. रकान्यात अक्षर टाकलं तर तो अर्ज परत करतो, रकाना मोकळा सोडला तर परत करतो, शंभराच्या विषयात एकशे दोन टाकले तरी परत करतो. आकडा असेल आणि मर्यादेत असेल तरच आत सोडतो.

रंभाजींनी विचारलं की शून्य टाकलं तर काय होतं.

“शून्य घेतो की. एखाद्याला पडूही शकतात शून्य मार्क,” सम्राट म्हणाला. मग त्यालाच त्याचा अर्थ कळला असावा. पानात खोट असती तर ती सगळ्या तालुक्यांत दिसली असती, एवढंच तो शेवटी बोलला.

आता वाट एकाच दिशेनं जात होती. यंत्र तेच, पान तेच, बाकी तालुके चोख. रकाना मोकळा ठेवता येत नाही, आणि शुभांगीच्या तिन्ही भाषांना मिळून भोपळा. म्हणजे कुणीतरी हातानं तिथं शून्य टाकलं होतं, आणि श्रीगोंद्यात त्या कळांवर हात एकाच माणसाचा होता.

रंभाजींनी फोन ठेवला. चहा समोर आला होता, तो त्यांनी घेतला नाही. रविवारच्या एसटीचं वेळापत्रक मात्र बन्सीला काढायला लावलं.

३

श्रीगोंद्यात एसटी स्टँडामागच्या गल्लीत पुढं केंद्र आणि मागं पिंजाऱ्याचं घर. अंगणात शेजारीण बाजरी उसनी न्यायला आली होती आणि शरिफाची आई तिला पितळी मापट्यानं मोजून देत होती. आठ मापटी झाली की पायली, मग पुन्हा पहिल्यापासून. रंभाजींनी दारातच दरडावलं, ही मापं सरकारनं कधीच बंद केलीत, जप्त करू का? शेजारणीच्या हातची पाटी खाली आली. मागून लालमहंमदचं हसू ऐकू आलं.

पण ते हसू तेवढंच. म्हातारा वाळला होता. बाजारातलं बोलणं घरापर्यंत पोचलं होतं. केंद्रात शिकायला येणाऱ्या सात-आठ मुलींपैकी त्या आठवड्यात दोघीच आल्या होत्या. लालमहंमदनं रंभाजींना बाजेवर बसवलं, स्वतः कापसाच्या ढिगापाशी टेकला आणि हातातला पुंजका नुसताच विंचरत राहिला.

“रंभा, तू कशापायी आलाय ते मला ठावं हाय,” तो म्हणाला. “पोरीनं केलं आसंल तर तसंच लिव्ह. ती गादी मधी आनू नको. माझी शपत हाय तुला.”

आयुष्यात पुष्कळांनी रंभाजींना मध्यस्थ घातले, मिठाईचे पुडे आणले, वरून फोन करवले. उपकाराचं नाव काढू नको म्हणून शपथ घालणारा हा एकटाच निघाला. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खोलीत गेले.

शरिफा खुर्चीवर ताठ बसली होती. रडून झालेलं असावं, आता नुसता राग उरला होता. केलं का, असं रंभाजींनी विचारायच्या आधीच ती म्हणाली की मी काहीही केलेलं नाही आणि परत परत सांगणारही नाही.

“काका, कागदावर जे छापलंय तेच मी भरलं. एक आकडा इकडचा तिकडं केला नाही. माझी भाची होती म्हणून तिचा तर दोनदा तपासला.”

शून्य टाकलं होतं का, असं रंभाजींनी सरळ विचारलं. ती गोंधळली. शून्य मिळालेली एकही मुलगी नव्हती, मग शून्य कशाला टाकेन, असं म्हणाली. रंभाजी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तराजूच्या दांडीखाली मेण लावणारे शेकडो चेहरे त्यांनी पाहिले होते. हा तसला नव्हता. पण चेहरा बरा दिसला म्हणून अहवालात काय लिहायचं?

तेवढ्यात आतल्या दारातून आलिया आली. शरिफाच्या थोरल्या भावाची मुलगी, यादीत नाव आलेली. तिनं आपली गुणपत्रिका रंभाजींच्या पुढ्यात ठेवली आणि ओढणीचं टोक पिळत म्हणाली, मला ती जागा नको. शुभांगी वर्षभर तिला गणित शिकवत होती. शाळा सुटली की दोघी कारखान्याच्या कँटीनमागं बसायच्या आणि लंकाबाई दोघींना गरम भाकरी द्यायची. शुभांगी नसती तर आलिया गणितात पासही झाली नसती. फुफीनं, म्हणजे आत्यानं, काही केलेलं नाही, पण तरीही जागा शुभांगीचीच आहे, एवढं तिनं एका दमात सांगितलं आणि मग तिला रडू फुटलं.

रंभाजींनी तिला रडू दिलं आणि सवयीनं कागदावर नजर फिरवली. मराठी ०६७, हिंदी ०७२, इंग्रजी ०५४, गणित १०६, विज्ञान १०२, समाजशास्त्र १११. खाली एकूण, पाचशे बारा.

त्यांनी खिशातली यादी काढली. आलिया, चारशे शहात्तर.

पुन्हा पाहिलं. तोंडानं बेरीज केली. गुणपत्रिकेवरची बेरीज बरोबर होती. म्हणजे यादीत आलियाचेही छत्तीस गुण कमी भरले होते. लबाडी करून भाचीला वर चढवणारी बाई भाचीचेच गुण कशाला कापेल?

४

रंभाजींचा एक जुना नियम होता. माप खोटं आहे की मोजणाऱ्याचा हात, हे कळत नसेल तर ठाऊक असलेलं वजन तराजूत टाकायचं. त्यांनी शरिफाला संगणक सुरू करायला सांगितला.

फोनची वायर जोडली, किर्र किर्र आवाज झाला, आणि बऱ्याच खटपटीनंतर वसतिगृहाचं पान पडद्यावर उतरलं. नगरला बन्सीला आधीच निरोप होता, रविवार असूनही कचेरीत बसून राहायचं. कचेरीत फोनच्या दोन तारा होत्या, पण केंद्रातली एकुलती एक तार इंटरनेटनं अडवलेली, म्हणून बोलायला शेजारचा एसटीडी बूथ. एक पाय इथं, एक पाय तिथं, अशी रंभाजींची वरात निघाली.

शरिफाला त्यांनी सांगितलं की शुभांगीचा अर्ज जसा भरला होता तसाच पुन्हा भर, मी मागं उभा राहतो. रंभाजींनी नगरहून आणलेली शुभांगीची गुणपत्रिका तिनं डाव्या हाताला ठेवली आणि मराठीच्या रकान्यात तीन कळा दाबल्या. शून्य, आठ, दोन.

रंभाजींनी तिला थांबवलं. आधी शून्य का टाकलं?

“कागदावर आहे ना, काका,” शरिफा म्हणाली. “बोर्ड तीन आकडी मार्क छापतं. पुढं कुणी एक काढून ब्याऐंशीचे एकशे ब्याऐंशी करू नये म्हणून. छापलंय तसंच भरायचं, मी मनानं काही गाळत नाही.”

इतर तालुक्यांतल्या केंद्रवाल्यांनी काय केलं असेल? ब्याऐंशी म्हणजे आठ आणि दोन, मोकळे. त्या शून्याला किंमत नाही हे शाळेतलं पोरही जाणतं, मग ते दाबायचे कष्ट कोण घेणार? घेतले ते एका शरिफानंच, प्रामाणिकपणापायी.

रंभाजींनी तो अर्ज पुसायला लावला आणि मुलीच्या नावाच्या जागी ‘वजनकाटा’ असं लिहायला सांगितलं. मराठीला नुसते दहा. बाकी सगळ्या रकान्यांत शून्य. अर्ज गेला, पडद्यावर आभाराची पाटी आली. रंभाजी बूथमध्ये गेले. बन्सी म्हणाला, वजनकाटा या मुलीची बेरीज दहा.

ठीक. आता तेच दहा, पण गुणपत्रिकेसारखे. शून्य, एक, शून्य. रंभाजी पुन्हा बूथमध्ये. तिकडे बन्सीनं आकडा वाचला.

“साहेब, आठ आलेत.”

रंभाजींनी परत वाचायला लावलं. आठच होते. मग त्यांनी ०२० पाठवलं, तिकडे सोळा उतरले. ०८० पाठवलं, तिकडे भोपळा. शून्य काढून ८० पाठवले, तर ऐंशीच्या ऐंशी पोचले.

बूथच्या पायरीवर रंभाजी उभे राहिले. दहाचे आठ, विसाचे सोळा. अंगणात शरिफाच्या आईनं मापटं उपडं घालून ठेवलं होतं, त्यावर त्यांची नजर गेली, आणि हा तिरसट निवृत्त साहेब भर गल्लीत मोठ्यानं हसला.

आत येऊन त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. लालमहंमद कापूस झटकत आला, शरिफाची आई हातातलं काम टाकून आली. रंभाजींनी मापटं टेबलावर ठेवलं.

“आपण दहाच्या हिशेबानं मोजतो,” ते म्हणाले. “हे यंत्र पुढं शून्य दिसलं की पायलीच्या हिशेबानं मोजतंय. आठ मापट्यांची एक पायली. शून्य-एक-शून्य म्हणजे एक पायली आणि वर काही नाही. किती मापटी झाली?”

“आठ,” शरिफाची आई म्हणाली. तिला यात कोडं काही वाटलंच नाही.

मग त्यांनी आलियाच्या भाषा घेतल्या. ०६७ म्हणजे सहा पायल्या सात मापटी, पंचावन्न झाली. ०७२ म्हणजे सात पायल्या दोन मापटी, अठ्ठावन्न. ०५४ म्हणजे चव्वेचाळीस. पुढचे तीन विषय शंभरावर, त्यांच्यापुढं शून्य नाही, म्हणून ते जसेच्या तसे पोचले. आलियानं कागदावर बेरीज केली आणि डोळे मोठे केले. चारशे शहात्तर.

आणि शुभांगी? पायलीच्या हिशेबात आठ मापटी सुटी राहतच नाहीत, आठ झाली की पायली भरली. म्हणून त्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. यंत्रानं शून्य वाचलं, पुढं आठ दिसला, हा कोण पाहुणा म्हणून तिथंच थांबलं. ०८२, ०८१, ०८९, तिन्हींचं शून्य. ऐंशीच्या वर गुण मिळवले, एवढाच त्या पोरीचा गुन्हा.

रंभाजींनी सम्राटला फोन लावला. पोरगा सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाला की आमच्या धंद्यात पुढं शून्य आलं तर आकडा आठाच्या हिशेबानं वाचायची एक जुनी चाल आहे. दहाच्या हिशेबानं वाच असं यंत्राला बजावून सांगावं लागतं, ते माझ्याकडून राहिलं. राखणदार आकडा आहे की नाही एवढंच बघत होता. त्या आकड्याची किंमत यंत्र काय लावतंय, हे कुणीच बघत नव्हतं.

“काका, तुम्ही शोधलं नसतं तर माझ्या चुकीपायी त्या ताईंच्या हातात बेडी पडली असती. लई उपकार झाले तुमचे.”

लई हा शब्द पुण्याच्या नोकरीत त्यानं बरेच दिवस वापरला नसावा.

शरिफानं संगणक बंद केला, त्यावर नेहमीचं कापड घातलं आणि कापडाच्या सुरकुत्या नीट करत राहिली. मग वळून बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. लालमहंमदनं रंभाजींकडे पाहून फक्त हात जोडले, आणि रंभाजींनी ते हात घाईघाईनं खाली केले.

५

सोमवारच्या बैठकीत रंभाजींनी फार लांबण लावली नाही. त्यांच्या खात्यात खोटं माप आणि चुकलेलं माप यांना दोन वेगळी कलमं होती, एकाला दंड आणि दुसऱ्याला दुरुस्ती. इथं दुसरं कलम लागतं, असं सांगून त्यांनी मापटं विश्वस्तांच्या टेबलावर मांडलं. सम्राट पुण्याहून स्वतः आला होता. त्यानं पान दुरुस्त केलं. पुढची शून्यं आता यंत्र आधी उतरवायचं आणि मगच मोजायचं; शिवाय बेरीज परस्पर नगरला न पाठवता आधी भरणाऱ्याला दाखवायचं आणि बरोबर आहे का असं विचारायचं. ही शेवटची सूचना शरिफाची होती, आणि ती शरिफाची आहे हे सम्राटनं बैठकीत नाव घेऊन सांगितलं. श्रीगोंद्याचे सगळे अर्ज नव्यानं मोजले. शुभांगीचे सहाशे पासष्ट वर आले आणि जागा तिची झाली. केंद्राकडे काम कायम राहिलं, आणि आणखी दोन तालुक्यांतल्या केंद्रवाल्यांना अर्ज कसा भरायचा ते शिकवायचं कामही शरिफाकडे आलं.

पण बाजारात जे बोललं गेलं होतं, त्याचं काय? ते कुठल्या बैठकीत पुसलं जाणार?

ते लंकाबाईनंच पुसलं. पुढच्या आठवडी बाजारात, भाजीवाल्यांच्या ओळीत जिथं उभी राहून ती बोलली होती, नेमकी तिथंच शरिफाला हाताला धरून घेऊन गेली. रंभाजी त्या दिवशी शुभांगीचे कागद द्यायला आणि तिला वसतिगृहात न्यायला आले होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. लंकाबाईनं पदर खोचला आणि आवाज चढवला.

“आयकून घ्या समद्यांनी. म्या हिला चोर म्हनले हुते. ही चोर न्हाई. माझ्या लेकीचा योक आकडा हिनं गाळला न्हाई, अगदी शून्यबी न्हाई. चुकलं माझं. आन ज्यांनी ज्यांनी आपल्या पोरी हिच्याकडनं काढल्या, त्यांनी उद्या परत धाडाव्या.”

वांगी मोजणारा माणूस मोजायचा थांबला. शरिफानं लंकाबाईचा हात सोडला नाही.

दुपारी सगळे पिंजाऱ्याच्या अंगणात जमले. आलिया आणि शुभांगी कोपऱ्यात काहीतरी खुसपुसत होत्या. आलियानं श्रीगोंद्यातच अकरावी करायची, फुफीकडे संगणक शिकायचा आणि दर सुट्टीत शुभांगीनं येऊन तिचं गणित तपासायचं, असा दोघींनी मोठ्या माणसांना न विचारता बेत ठरवून टाकला होता. लंकाबाईनं कँटीनमधून भाकऱ्यांची चवड आणली होती. लालमहंमद मात्र जेवायला येईना. आत त्याचं काहीतरी चाललं होतं.

थोड्या वेळानं तो बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर नवी कोरी गादी होती. चारी बाजूंनी टाके, कडेला निळी पट्टी. शुभांगीसमोर ती ठेवून तो म्हणाला, “हॉस्टेलात अंथरून आपलंच न्यावं लागतं, पोरी. मला ठावं हाय.”

ज्या माणसाच्या लेकीला लंकाबाईनं चोर ठरवलं, त्यानंच ही गादी भरली होती. ती खाली वाकली, तसं लालमहंमदनं तिला अर्ध्यातच धरलं.

रंभाजी पुढं झाले. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहून गेलं होतं ते बोलावं असं फार वाटत होतं. पण त्यांनी निरीक्षकाचा चेहरा केला, गादीवर हात फिरवला, कोपरा दाबून पाहिला.

“लालमहंमद, कापूस जास्त पडलाय यात,” ते म्हणाले. “माप चुकलं तुझं.”

“न्हाई चुकलं,” लालमहंमद म्हणाला. “तुझ्या गादीतबी येवढाच हुता.”

मग एसटीची वेळ झाली. गादी कुणी उचलायची यावरून अंगणात जरा ओढाताण झाली, पण रंभाजींनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, गादी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि शुभांगीला पुढं घालून स्टँडाकडे चालू लागले.